तांदळाचं गोड सरबत (ओर्चाता): एका ग्लासात नेमकं काय असतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन उन्हाळ्यांपूर्वी टेक्सासला राहणारी माझी भाची सुट्टीला सोलापुरात आली आणि तिनं आम्हाला तांदूळ, दालचिनी, साखरेचं एक थंडगार पांढरं पेय करून पाजलं, तेव्हापासून आमच्या जुळे सोलापूरच्या बिल्डिंगमध्ये ते घरोघरी व्हायला लागलंय. नाव ओर्चाता, पण आमच्याकडे सगळे तांदळाचं सरबतच म्हणतात. मी अंगणवाडीत २२ वर्षं काम केलंय त्यामुळे बायका पौष्टिकतेचं मलाच विचारायलेत, जिन्यात, भाजीच्या गाड्यावर, व्हॉट्सअॅपवर, आणि प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हणलं एकदाच नीट लिहून काढावं. आकडे मी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यावरून घेतलेत आणि बाकी माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलंय.

ओर्चाता म्हणजे नेमकं काय? ते मेक्सिकोचं का स्पेनचं?

नाव स्पेनचं. तिथं व्हॅलेन्सियाकडं ते तांदळाचं नसतंच, चुफा नावाच्या छोट्या कंदाचं करतात, आपल्याकडचा नागरमोथा असतो ना त्याच्याच कुळातलं ते गवत. मेक्सिकोत मात्र ते तांदळाचं झालं. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवायची, सकाळी वाटायचं, फडक्यातून गाळायचं, साखर आणि बर्फ घालायचा. कुणी बदाम घालतं, कुणी व्हॅनिला, कुणी दूध. म्हणून नेटवर ओर्चाताच्या कॅलरी शोधल्या की प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो, कारण चुफाचं वेगळं, दुधाचं वेगळं, नुसत्या पाण्याचं वेगळं. मी खाली जे सांगतेय ते नुसत्या तांदूळ-पाणी-साखरेचं आहे, दुधाचं पुढं वेगळं सांगते.

एका ग्लासात किती कॅलरी असतात?

माझं प्रमाण असं, १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम साखर, बोटभर दालचिनी आणि एक लिटर पाणी. यात २०० मिलिचे पाच ग्लास होतात. एका ग्लासात साखर २० ग्रॅम येते म्हणजे ८० कॅलरी, आणि तांदळाच्या साधारण २७, सगळे मिळून ११० च्या आत-बाहेर. प्रोटीन फार तर अर्धा-पाऊण ग्रॅम. फॅट जवळजवळ नाहीच. कॅल्शियम तांदळातून एक मिलिग्रॅमसुद्धा येत नाही, आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात केलं तर पाण्यातूनच त्याच्यापेक्षा जास्त येईल.

थोडक्यात चहाचे चार सपाट चमचे साखर आणि थोडासा स्टार्च. चव छान, पोटाला गार, पण हे पौष्टिक पेय नाही, गोड खाऊ आहे. मला ह्या सगळ्या लिहिण्यातून एवढंच सांगायचंय आणि ते का सांगायचंय ते पुढं नातवाच्या प्रश्नात येईल.

१०० ग्रॅम तांदळात तर ३५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन असतं, मग ते जातं कुठं?

हा प्रश्न आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं विचारला आणि लई भारी प्रश्न विचारला. तक्त्यात कच्च्या तांदळाला १०० ग्रॅममागे ३५६ कॅलरी आणि ७.९ ग्रॅम प्रोटीन दिलंय, अगदी बरोबर. पण आपण तांदूळ पीत नाही, गाळलेलं पाणी पितो.

म्हणून मी एकदा मोजायचंच ठरवलं. १०० ग्रॅम कोलम नीट तोलून घेतला, रात्रभर भिजवला, सकाळी मिक्सरला लावला आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून काढला. फडक्यात जो चोथा राहिला तो ओल्या रांगोळीसारखा दिसतो, बोटात घेतला की रवाळ लागतो. तो मी स्टीलच्या ताटात पातळ पसरून गच्चीवर वाळत घातला, वर जाळी ठेवली. एप्रिलचं सोलापूरचं ऊन, दुपारपर्यंत पापडीसारखा कडक होऊन ताटापासून सुटला. दुसऱ्या दिवशीही ऊन दाखवून वजन केलं तर ६२ ग्रॅम भरलं. म्हणजे पाच ग्लासात मिळून तांदूळ गेला फक्त ३८ ग्रॅम, एका ग्लासाला साडेसात. शंभरातला बासष्ट भाग माझ्या ताटात होता आणि त्याच्यासोबत त्यातलं प्रोटीन पण. तुमचा मिक्सर बारीक वाटत असेल, फडकं विरळ असेल तर हा आकडा बदलणार, पण अर्ध्याच्या आसपास तरी तांदूळ मागं राहणारच.

आणि जे ग्लासात येतं तेही खाली बसतं बघा. ग्लास दहा मिनिटं ठेवला की तळाला पांढरा थर दिसतो तो कच्चा स्टार्च. ढवळून नाही प्यालं तर तेवढं पण पोटात जात नाही, नुसतं गोड पाणी जातं.

तो चोथा टाकू नका. मी धिरड्याच्या पिठात घालते, ज्वारीच्या पिठासोबत तर फार छान होतं.

लहान मुलाला दुधाऐवजी हे दिलं तर चालेल का?

नाही. ह्याचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे.

माझ्या नातवाला तीन वर्षाचा असताना दूध पचेना, प्यायला की पोट फुगायचं, पातळ शी व्हायची. सुनेनं दूध बंद केलं आणि त्याला हे तांदळाचं सरबत आवडतंय म्हणून सकाळ-संध्याकाळ एक एक ग्लास सुरू झालं. पांढरं दिसतंय, तांदळाचं आहे, घरी केलेलं आहे, म्हणजे चांगलंच असणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं आणि त्यात मी पण होते. मी, जिनं हजारो पोरांची वजनं झोळीच्या काट्यावर केली आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपके मांडले. त्याचं वजन सहा महिने जागचं हललं नाही आणि मला ते उशिरा दिसलं. डॉक्टरांनी दिवसभरात काय काय खातो ते लिहून आणायला सांगितलं तेव्हा तो कागद बघूनच माझ्या पोटात कालवलं. दोन ग्लास गोड पाण्यानं त्याची भूक मरत होती आणि वरण-भात, भाकरी मागं पडत होती.

आता हिशोब बघा. गाईच्या दुधाच्या २०० मिलिच्या ग्लासात साधारण साडेसहा ग्रॅम प्रोटीन आणि २३५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हशीच्या दुधात प्रोटीन सात ग्रॅमच्या वर. तांदळाच्या सरबतात अर्धा-पाऊण ग्रॅम प्रोटीन आणि कॅल्शियम शून्य धरा. चार ते सहा वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन आणि ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दुधाचे दोन ग्लास काढून ह्याचे दोन ठेवले तर काय होतं ते तुम्हीच वजाबाकी करून बघा. शिवाय दुधातलं बी-१२ आणि बी-२ पण गेलं, शाकाहारी घरात बी-१२ ला दूध-दही सोडून फारसा आधार नसतो.

त्याला नंतर दही आणि ताक व्यवस्थित पचायला लागलं. दूध न पचणाऱ्या बऱ्याच मुलांना दही चालतं कारण विरजणात दुधातली साखर (लॅक्टोज) थोडी कमी होते. पण हे लॅक्टोजच्या बाबतीत, दुधाच्या प्रोटीनची अॅलर्जी असेल तर दही पण चालत नाही, म्हणून कुठलं आहे ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. नातू आता बरा आहे, वजन तक्त्यावर चढायला लागलंय.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला?

अजिबात नको. साखरही नको, मधही नको. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि नंतर मऊ वरण-भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेली भाजी. भाताची पेज देतो ना आपण, ती सुद्धा वरचं नुसतं पाणी देऊ नका, शितं कुस्करून, डाळ घालून, थेंबभर तूप सोडून द्या. अंगणवाडीत मी हेच सांगत आले, की वरणाचं पाणी आणि भाताचं पाणी पाजून बाळ धरत नाही.

साखरेऐवजी गूळ घातला तर पौष्टिक होतं ना?

थोडं होतं, वाटतं तितकं नाही. गुळात १०० ग्रॅमला साधारण ३५४ कॅलरी, म्हणजे साखरेपेक्षा जेमतेम कमी. लोह आहे, साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, पण ते १०० ग्रॅमला. ग्लासात २० ग्रॅम गूळ गेला तर लोह एक मिलिग्रॅमच्या आत. चवीला मला गुळाचंच आवडतं, रंग चहासारखा येतो. पण गूळ आहे म्हणून दोन ग्लास जास्त प्यायले असं करू नका, शरीराच्या दृष्टीनं ती साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अजून बरं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका ग्लासात २० गेले, उरले ५, आणि आपला चहा तर अजून व्हायचाय. मध, खडीसाखर, काकवी ह्या सगळ्यांना हेच लागू.

शुगर आहे, एखादा ग्लास चालेल का?

आमच्या घरात यांना शुगर आहे त्यामुळे मी अनुभवानं सांगते, टाळलेलं बरं. पातळ, गाळलेलं, गोड, फायबर नाही, प्रोटीन नाही, त्यामुळे साखर रक्तात पटकन चढते. यांनी एका लग्नानंतर घरी येऊन मोठा ग्लास घेतला होता आणि तासाभरानं मशीनवर जो आकडा आला तो भाकरी-पिठलं पोटभर खाल्ल्यावर येतो त्याच्या कितीतरी वर होता. "साखर न घालता पितो की मग" असं पण म्हणतात, पण साखर नसली तरी स्टार्च आहे, आणि तांदूळ शिजवून केलं असेल तर तो कच्च्यापेक्षा लवकर पचतो. दालचिनीनं शुगर उतरते म्हणून चालतंय असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, बोटभर दालचिनी पाच ग्लासात, त्यानं वीस ग्रॅम साखर खोडली जात नाही. आपलं ताक घ्या, जिरं-कोथिंबीर घालून.

दूध किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून केलं तर?

अर्धं पाणी काढून त्याजागी गाईचं दूध घातलं तर ग्लासाला १८० कॅलरी होतात आणि प्रोटीन चारच्या जवळ जातं, कॅल्शियम साधारण १२०. हे मला चांगलं वाटतं, साखर निम्मी केली तर अजून चांगलं. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे आधीच निम्मी साखर असलेलं घट्ट दूध, १०० ग्रॅमला ३२० च्या आसपास कॅलरी. मेक्सिकन घरात ते घालतात, चव एकदम रबडीसारखी येते. घालायचं असेल तर मग वरची साखर पूर्ण बंद करा.

सोलापूरचे शेंगदाणे घालून पौष्टिक करता येईल का?

येतं की! आणि हाच माझा आवडता प्रश्न आहे कारण मी ह्यावर महिनाभर खटपट केलीय.

शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेतेवीस ग्रॅम प्रोटीन आहे, बदामापेक्षा जास्त, आणि आपल्याकडे शेंगाचटणीमुळे प्रत्येक घरात डबाभर असतातच. तिळात कॅल्शियम प्रचंड, १०० ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅमच्या वर, आतलं सगळं शरीराला मिळत नाही कारण सालातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे थोडं अडतं, तरी मिळतं ते कमी नाही.

माझं आत्ताचं प्रमाण एक लिटरला असं: ६० ग्रॅम तांदूळ, ७५ ग्रॅम शेंगदाणे, २५ ग्रॅम पांढरे तीळ, ५० ग्रॅम साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ, वेलची आणि दालचिनीचा छोटा तुकडा. तांदूळ धुऊन मऊ शिजवायचा. शेंगदाणे मंद आचेवर भाजून साल पाखडायची, तीळ तडतडेपर्यंत भाजायचे. सगळं थंड झाल्यावर थोड्या पाण्यात मिक्सरला दोन-तीन वेळा फिरवायचं, अगदी गंध उगाळल्यासारखं झालं पाहिजे, आणि मग बाकीचं पाणी. गाळायचं नाही. एका ग्लासाला १९० कॅलरीच्या आसपास जातं, म्हणजे कॅलरी वाढल्या, पण प्रोटीन साडेपाच ग्रॅम येतं आणि कॅल्शियम ७० मिलिग्रॅमच्या जवळ, साखर निम्म्यावर. पहिल्या दोन वेळा मी कच्चे शेंगदाणे भिजवून घातले होते तर वास उग्र आला, कुणी प्यायलं नाही, भाजून घातल्यावर जमलं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं कुणी घरात असेल तर अर्थातच हे करू नका, आणि पाहुण्यांना देताना आत शेंगदाणे आहेत हे सांगून द्या, रंगावरून कळत नाही.

उन्हातून आल्यावर प्यायलं तर ताकद येते का? जुलाब होत असतील तर?

उन्हातून आल्यावर तरतरी येते ती साखरेची आणि पाण्याची. मे महिन्यात इथं पारा ४४ पर्यंत जातो, घाम इतका जातो की मीठही जातं, आणि ह्यात मीठ नसतंच. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा मीठ घातलेलं ताक जास्त कामाचं.

जुलाबात मात्र हे सरबत अजिबात देऊ नका, मोठ्यांनाही नको आणि पोरांना तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं आणि मीठ २.६ ग्रॅम. आपल्या सरबतात लिटरला १०० ग्रॅम साखर, मीठ शून्य. इतकी साखर आतड्यात गेली की उलट पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. तांदळाच्या पिठाचं ओआरएस असतं हे खरं आहे, बांगलादेशात कॉलऱ्यासाठी त्याचा खूप वापर झाला, पण त्यात क्षार मोजून असतात आणि पीठ शिजवलेलं असतं. ते वेगळं, हे वेगळं. पाकिटातलं ओआरएस मेडिकलमधून आणा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला.

तांदळात आर्सेनिक असतं म्हणतात, खरं का?

असतं. भाताचं पीक पाण्यात उभं असतं आणि मातीतलं, पाण्यातलं आर्सेनिक ते इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतं. किती असेल ते कुठल्या मातीतला तांदूळ आहे त्यावर अवलंबून. ब्रिटनच्या अन्न सुरक्षा विभागानं तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नका असा सल्लाच दिलाय. मोठ्या माणसानं आठवड्यातून दोन-तीनदा प्यायलं म्हणून घाबरायचं कारण नाही. भीती रोजच्या रोज, दुधासारखं, लहान शरीराला देण्याची आहे. तांदूळ तीन-चार पाण्यानं धुवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि वाटायला ताजं पाणी घ्या. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं की आर्सेनिक कमी होतं, पण सरबतात आपण पाणीच पितो ना, तिथं ती सोय नाही.

ब्राऊन राइस घेतला तर जास्त पौष्टिक?

खायला हो, गाळून प्यायला नाही. कोंड्यातलं फायबर फडक्यात राहतं, आणि आर्सेनिक पण कोंड्यातच जास्त असतं. कोलम, आंबेमोहोर, इंद्रायणी यांच्या पौष्टिकतेत ग्लासापुरता फरक पडत नाही. आंबेमोहोरानं वास मात्र सुंदर येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरात गंजी पितात, ती आणि हे एकच का?

नाही. गंजी म्हणजे शिजलेल्या भाताची पेज, चिमूटभर मीठ, कधी ताक घातलेलं. साखर नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणी पद्मशाली (विणकर) घरातल्या, त्यांच्या सासवा कामावर जाण्याआधी गंजी पिऊन जायच्या. शिजल्यामुळे बराच स्टार्च पाण्यात उतरतो आणि घट्ट होतो. मागावरच्या सुताला खळ लावतात ती चिकट का होते, ह्याच स्टार्चमुळे. पौष्टिकतेत गंजी पण तांदळाचीच, प्रोटीन थोडंच, पण साखर नाही आणि मीठ आहे म्हणून उन्हाळ्यात मी सरबतापेक्षा तिला वरचा नंबर देईन. आणि ज्वारीची आंबील तिच्याही वर. ज्वारीत १०० ग्रॅमला दहा ग्रॅम प्रोटीन आणि दहा ग्रॅम फायबर आहे, आपण गाळतही नाही, आणि मंगळवेढ्याची ज्वारी तर आपल्या दारातली.

जपानचं अमाझाके पण तांदळाचं गोड पेय आहे म्हणे, त्यात साखर नसते?

वरून घातलेली नसते, पण गोड असतंच. शिजलेल्या भातात कोजी म्हणजे एक खास बुरशी वाढवलेला तांदूळ घालतात आणि ५५-६० अंशाला काही तास ठेवतात. बुरशीतले एन्झाइम भाताच्या स्टार्चचं ग्लुकोज करून टाकतात. १०० ग्रॅमला ८० च्या आसपास कॅलरी, म्हणजे आपल्या सरबतापेक्षा जास्तच. कोरियातलं शिकहे पण असंच, तिथं मोड आलेल्या जवाच्या पाण्यानं गोडी आणतात. घरी कोजी नसताना भात उबेला ठेवून अमाझाके करायच्या फंदात पडू नका, भलतंच काहीतरी वाढतं.

ह्यावरून अजून एक कळतं. बाजारात पाकीटबंद तांदळाचं पेय मिळतं, त्यावर साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असतं, तिथंही एन्झाइमनं तांदळातूनच साखर केलेली असते. पाकिटाच्या मागं तक्त्यात एकूण साखर किती तो आकडा बघा, पुढचं चित्र बघू नका. प्रोटीन बहुतेक पाकिटात १०० मिलिला अर्ध्या ग्रॅमच्या आत असतं. वरून कॅल्शियम घातलेलं असेल तर चांगलंच, पण ते तळाला बसतं, हलवून ओता.

किती वेळ टिकतं?

कच्च्या तांदळाचं केलं असेल तर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. भिजवतानासुद्धा उन्हाळ्यात ओट्यावर नको, फ्रीजमध्येच भिजवा. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती उकळूनही सगळी मरत नाहीत आणि कोमट वातावरणात वाढून विष तयार करतात, उलट्या-जुलाब होतात. आमच्या सोसायटीत हळदी-कुंकवाला सकाळी करून ठेवलेलं पातेलं संध्याकाळी पाचला वाटलं आणि रात्री चार घरात लोकं आजारी पडली. आंबट वास आला नव्हता, चव पण बदलली नव्हती. तेव्हापासून मी जास्त माणसांसाठी करायचं असलं की बर्फाच्या टबातच पातेलं ठेवते.

ग्लुटेन चालत नाही त्यांना चालतं का?

तांदळाला ग्लुटेन नसतं, चालतं. शिकहे मात्र नाही, त्यात जव आहे.

वजन वाढवायला किंवा कमी करायला?

दोन्हीला नको. वाढवायला शेंगदाण्याचं वर सांगितलंय ते घ्या. कमी करायला ग्लासभर पाणी प्या आणि भाकरी खा.

एकादशीला चालेल का?

तांदूळ आहे म्हणून नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढीला घरात तांदूळ शिजत नाही आमच्याकडे. त्या दिवशी मी भगर भिजवून, शिजवून, दाण्याचं कूट, गूळ आणि वेलची घालून पातळ करते, मीठ सैंधव. वारीला जाऊन आलेल्या शेजारणीला गेल्या वर्षी एक तांब्या दिला होता, ह्या वर्षी तिनं आधीच निरोप धाडलाय की दोन तांबे कर म्हणून, त्यामुळे तिच्यासाठी त्यात घालायला तीळ जास्तीचे आणून ठेवलेत, कारण तिच्या गुडघ्यांना कॅल्शियम लागतंय आणि उपवासाला तीळ त्यांच्यात चालतात.